गुलाबाची जात कशी ओळखायची आणि नाव कसं लिहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'गुलाब' हा शब्दच मुळात फुलाचा नव्हे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, म्हणजे गुलाब हे गुलाबपाण्याचं नाव. आपल्याकडे येता येता ते फुलालाच चिकटलं. नावांची सरमिसळ इतकी जुनी आहे. तरीही घरच्या झाडाचं खरं नाव कळावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. हे प्रश्न मला गच्चीवर, प्रदर्शनात आणि नर्सरीच्या दारात पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत.

माझ्याकडे गडद लाल, सुवासिक गुलाब आहे. फुलाचा फोटो दाखवला तर नाव सांगाल का?

नाही, आणि यात तुमच्या फोटोचा दोष नाही. 'पापा मेयाँ', 'मिस्टर लिंकन' आणि 'ओक्लाहोमा' हे तीन गुलाब घ्या. पहिला फ्रान्समधला, १९६३चा. पुढचे दोन अमेरिकेतले, त्याच सुमाराचे. तिन्ही गडद लाल, मखमली, भरपूर वासाचे. आणि तिघांचे आईबाप एकच: 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'शार्ल मालेरँ'. म्हणजे ही सख्खी भावंडं आहेत. एका फुलाच्या फोटोवरून त्यांच्यातला नेमका कोण हे सांगणं म्हणजे नुसतं कपाळ पाहून भावाभावांत फरक करण्यासारखं आहे.

झाडासमोर उभं राहिलं की मात्र फरक दिसू लागतात. 'मिस्टर लिंकन' सरळ उंच जातो, त्याची कळी सुरईसारखी निमुळती असते आणि फूल जुनं होतानाही बऱ्यापैकी लालच राहतं. 'ओक्लाहोमा'ची कळी गोलसर, रंग काळपटाकडे झुकणारा, पाकळ्या जास्त, आणि उतरत्या वयात फुलावर जांभळट झाक येते. 'पापा मेयाँ' भुरी रोगाला लवकर बळी पडतो, थंडीच्या दिवसांत त्याची कोवळी पानं पांढरी पडलेली दिसतात.

माझ्या गच्चीवरच्या एका झाडाला मी सात वर्षं 'मिस्टर लिंकन' म्हणत होते, कारण विकत घेताना तसं सांगितलं होतं. एका जानेवारीत प्रदर्शनात खरा 'मिस्टर लिंकन' शेजारून पाहिला आणि घरी येऊन आधी माझ्या झाडाच्या कळ्या पाहिल्या. त्या गोल होत्या. मग पाकळ्या मोजल्या, त्या पन्नासच्या घरात गेल्या. तेव्हा लेबल बदललं.

मग नक्की काय काय पाहायचं?

फूल सर्वांत शेवटी. हे ऐकून लोक निराश होतात, पण फूल हा झाडाचा सर्वांत चंचल भाग आहे. ऊन, थंडी, खत, पाणी, सगळ्यांचा त्याच्यावर परिणाम होतो. पान, काटा, देठ यांच्यावर तेवढा होत नाही.

सुरुवात काट्यांपासून करा. काटे दाट आहेत की विरळ, सरळ की खाली वळलेले, सगळे एकाच मापाचे की मोठ्यांमध्ये बारीक काटेही आहेत? 'आइसबर्ग'ला काटे फारच कमी. त्यामुळे कोणी काट्यांनी भरलेला पांढरा गुलाब 'आइसबर्ग' म्हणून दाखवला, तर मी फुलाकडे न पाहताच शंका घेते.

मग पान. गुलाबाचं एक पान म्हणजे एका देठावरच्या पाच, सात किंवा नऊ पर्णिका मिळून. त्या चकचकीत आहेत की मंद, खालची बाजू गुळगुळीत की लवदार, कोवळी पालवी हिरवी की तांबूस, कडांचे दाते खोल की उथळ, हे पाहा. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन बाजूंना पट्टीसारखी उपपर्णं असतात. बहुतेक जण ती पाहतच नाहीत. त्यांच्या कडा साध्या आहेत की झालरीसारख्या फाटलेल्या, यावरून झाडाच्या घराण्याचा सुगावा लागतो.

पुढे कळीचा देठ. त्यावरून बोट फिरवा. काही जातींत तो गुळगुळीत, काहींत बारीक चिकट ग्रंथींनी खरखरीत. मग निदलं, म्हणजे कळीला झाकणारी हिरवी पानं. ती पाच असतात आणि बऱ्याच गुलाबांत त्यांची एक गंमत असते: दोघांना दोन्ही बाजूंनी मिशा, दोघांना मुळीच नाहीत आणि पाचव्याला एकाच बाजूला. कळी बंद असताना जी कड बाहेर राहते तिलाच या मिशा फुटतात. नुसत्या यावरून जात ठरत नाही, पण मिशा किती लांब आणि किती फाटलेल्या आहेत याची नोंद उपयोगी पडते. एकदा पाहिलंत की पुन्हा कधी गुलाबाची कळी न उलटता पुढे जाणार नाही.

आता फूल. पाकळ्या खरोखर मोजा, म्हणजे एका फुलाच्या पाकळ्या सुट्या करून कागदावर मांडा. आठपर्यंत असतील तर एकेरी, नऊ ते सोळा म्हणजे अर्धदुहेरी, सतरा ते पंचवीस दुहेरी, त्यापुढे चाळीसपर्यंत भरगच्च आणि त्याहून जास्त असतील तर अतिभरगच्च, अशी साधारण विभागणी गुलाबप्रेमी वापरतात. रंग मात्र तीनदा लिहा: कळी उमलताना, पूर्ण उमलल्यावर आणि गळायच्या आधी. पाकळीची पाठही बघा, कारण कित्येक जातींत आतला रंग एक आणि पाठीचा दुसरा असतो. वास सकाळी नऊच्या आत घ्या. दुपारच्या उन्हात तो उडून गेलेला असतो.

एवढं सगळं एका पानावर लिहिलंत तर ती नोंद दहा फोटोंपेक्षा मोलाची आहे. फोटो काढायचेच असतील तर कळी, पूर्ण फूल, फुलाची मागची बाजू, पानाच्या दोन्ही बाजू, काटे असलेली फांदी आणि पूर्ण झाड असे काढा, तेही सावलीत.

हे सगळं कोणत्या दिवसांत करावं?

डिसेंबर आणि जानेवारी. महाराष्ट्रात पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी होते आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येणारा बहर हाच जातीचा खरा चेहरा. मे महिन्यात तेच झाड लहान, फिकट, कमी पाकळ्यांची फुलं देतं आणि कळी दोन दिवसांत उघडून मोकळी होते. गर्द गुलाबी गुलाब मेमध्ये फिकट गुलाबी झालेले मी दरवर्षी पाहते. उन्हाळ्यात ठरवलेलं नाव हिवाळ्यात पुन्हा तपासल्याशिवाय लेबलवर लिहू नका.

ऊन उलटं कामही करतं. 'डबल डिलाइट' हा साय रंगाचा, लाल कडांचा, १९७७चा अमेरिकन गुलाब. त्याची लाली उन्हानेच चढते. सावलीत ठेवलेल्या कुंडीतलं फूल जवळजवळ पांढरं राहतं आणि मालक म्हणतात, नर्सरीवाल्याने फसवलं. दर वेळी फसवलेलं नसतं. कुंडी उन्हात आणा, पुढच्या बहराची वाट पाहा.

एचटी, फ्लोरिबंडा, मिनी ही नावं जातींची आहेत का?

नाही, ते गट आहेत. एका दांड्यावर एक मोठं, टोकदार कळीचं फूल म्हणजे हायब्रीड टी, बोलण्यात एचटी. या गटातला पहिला म्हणून १८६७च्या 'ला फ्रान्स'चं नाव घेतात. झुपक्याने येणारी मध्यम फुलं म्हणजे फ्लोरिबंडा. दोन्हींच्या मधला उंच, झुपकेदार आणि तरी एचटीसारख्या फुलांचा 'क्वीन एलिझाबेथ' १९५४ साली आला, तेव्हा त्याच्यासाठी अमेरिकेत ग्रँडिफ्लोरा असा वेगळा गट काढला गेला. पान, फूल, झाड सगळंच लहान ते मिनी. वर चढणारे ते क्लाइंबर. नाव शोधायच्या आधी गट ठरवा, निम्मं काम तिथेच होतं.

नर्सरीत 'काश्मिरी', 'बटन', 'डच', 'कलमी', 'इंग्लिश' म्हणतात. ही तरी नावं आहेत ना?

ही विक्रीची नावं आहेत. बटन म्हणजे लहान फुलांचा कुठलाही गुलाब. काश्मिरीही पुष्कळदा तोच, काश्मीरशी त्याचा संबंध असेलच असं नाही. डच म्हणजे पॉलिहाउसमधला लांब दांड्याचा. कलमी म्हणजे डोळा भरून केलेला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा कोंब बसवून. ती झाड तयार करण्याची रीत झाली, जात नव्हे. या शब्दांनी विकत घ्यायला हरकत नाही, पण वहीत जातीच्या रकान्यात ते लिहू नका.

'चिनी गुलाब' याहून अवघड. मराठीत चिनी गुलाब म्हटलं की सकाळी उमलून दुपारी मिटणारी, जाड पानांची, कुंडीतून लोंबणारी पोर्टुलाका डोळ्यांपुढे येते. तिचा गुलाबाशी काहीही संबंध नाही. आणि खरा चिनी गुलाब, म्हणजे रोझा चायनेन्सिस, हा तर वर्षभर पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या आजच्या गुलाबांच्या मुख्य पूर्वजांपैकी एक. चीनमधून अठराव्या शतकाच्या अखेरीला तो युरोपात पोचला आणि तिथल्या गुलाबांचं सगळं चित्रच पालटलं. पुस्तकात चायना रोझ वाचून कोणी पोर्टुलाकाची काडी शोधत बसू नये म्हणून हे लिहिलं.

आजीच्या परसातला गावठी गुलाब म्हणजे कोणती जात?

गावठी ही एक जात नाही. काडी खोचली की जगतो, वास आहे, हाराला आणि गुलकंदाला चालतो, अशा कुठल्याही जुन्या गुलाबाला आपण गावठी म्हणतो. माझ्या पाहण्यातल्या 'गावठी' झाडांमध्ये किमान तीन वेगवेगळे गुलाब होते.

त्यातल्या त्यात दोन घराणी वेगळी काढता येतात. एक दमास्क, रोझा डमासेना. अत्तराचा आणि गुलाबपाण्याचा हाच. हा वर्षातून एकदा, वसंतात फुलतो, म्हणून उत्तरेत त्याला चैती म्हणतात. पानं मऊ, करडसर हिरवी, खालून लवदार, फांद्यांवर लहानमोठे काटे एकत्र आणि निदलं लांब. दुसरा बूरबाँ घराण्यातला, आपल्याकडे 'एडवर्ड' नावाने ओळखला जाणारा. या घराण्याचं नाव हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाच्या जुन्या नावावरून पडलं आहे. तो वर्षभर थोडा थोडा फुलत राहतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: आजीच्या झाडाला दिवाळीत फुलं येतात का? येत असतील तर तो चैती दमास्क नाही.

परसातल्या अशा गुलाबाच्या दोन-तीन काड्या मात्र आजच लावून ठेवा, नाव कळो न कळो. घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा पहिल्यांदा तेच झाड जातं. नाशिकचं एके काळी गुलशनाबाद असं नाव होतं, फुलांच्या बागांचं शहर. त्या बागांतले किती गुलाब आज कुणाच्या अंगणात बिननावाने उभे असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एकाच गुलाबाची वेगवेगळी नावं कशी काय?

देशोदेशी तो वेगळ्या नावाने विकला जातो म्हणून. सर्वांत गाजलेलं उदाहरण 'पीस'. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तयार केला आणि आपल्या दिवंगत आईच्या आठवणीत त्याचं नाव 'मादाम आ. मेयाँ' ठेवलं. युद्ध पेटलं, देशांमधला संपर्क तुटला आणि प्रत्येक देशाने आपापलं नाव दिलं: जर्मनीत 'ग्लोरिया डेई', इटलीत 'जोया', आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध संपत आलेलं असताना, 'पीस'. चारही नावं एकाच झाडाची.

'आइसबर्ग'चंही तसंच. जर्मनीच्या कॉर्डेस घराण्याने १९५८ साली तो 'श्नीव्हिटशेन' या नावाने आणला, म्हणजे परीकथेतली हिमगौरी. 'सुपर स्टार' अमेरिकेत 'ट्रॉपिकाना' झाला. आपल्याकडे पिवळा 'लॅन्डोरा' म्हणून मिळतो तोच इंग्लंडमध्ये 'सनब्लेस्ट'. म्हणून दोन कुंड्यांवर दोन नावं दिसली तर लगेच दोन जाती समजू नका, आधी ती एकाचीच टोपणनावं नाहीत ना ते पाहा.

या गोंधळावर उपाय म्हणून सांकेतिक नाव असतं. ते जगभर एकच राहतं आणि त्याची सुरुवात पैदासकाराच्या नावातल्या अक्षरांनी होते: मेयाँचे गुलाब 'मेई'पासून, कॉर्डेसचे 'कॉर'पासून, टान्टाऊचे 'टान', डेव्हिड ऑस्टिनचे 'ऑस', पोल्सेनचे 'पोल'. 'आइसबर्ग'चं सांकेतिक नाव 'कॉर्बिन'. आयात केलेल्या रोपाच्या लेबलवर मोठ्या रंगीत नावाखाली बारीक अक्षरांत असा विचित्र शब्द दिसला तर तोच आधी टिपून घ्या. शोध घेताना तोच कामी येतो. जगभरच्या गुलाबांच्या नावांची नोंद ठेवण्याचं काम १९५५पासून अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे.

नाव मराठीत लिहिताना भाषांतर करावं का?

करू नये. वाणाचं नाव हे माणसाच्या नावासारखं असतं. 'क्वीन एलिझाबेथ'ला 'राणी एलिझाबेथ' केलं की ते दुसरं नाव झालं. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहा आणि एकेरी अवतरणात ठेवा: 'फर्स्ट प्राइझ', 'ब्लू मून', 'मोहिनी'. वाणांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही एकेरी अवतरणच आहे आणि ते उपयोगाचं आहे, कारण त्यामुळे 'पीस' हे वाणाचं नाव आणि 'पिवळा गुलाब' हे वर्णन असा फरक एका नजरेत कळतो.

उलट चूकही होते. ऐकीव नाव लिहिता लिहिता 'डबल डिलाइट'चं 'डबल लाइट' आणि 'क्रिश्चियन डिओर'चं 'क्रिस्तान डोर' झालेलं मी कुंड्यांवर वाचलं आहे. पुढचा माणूस तेच उतरवून घेतो आणि पाच वर्षांत एक नवी 'जात' तयार होते.

लाल गुलाब आणला होता, दोन वर्षांनी गुलाबी फुलं यायला लागली. रंग बदलला का?

रंग बदललेला नाही, झाड बदललं आहे. कलमी गुलाबात खाली जंगली गुलाबाचा खुंट असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. वरचा भाग मेला किंवा अशक्त झाला की खालचा खुंट जोर धरतो. त्याची फूट सरळ, लांब, हिरवीगार, झपाट्याने वाढणारी. लोकांना वाटतं झाडाने उभारी धरली, आणि तिलाच प्रेमाने पाणी घालत राहतात. वरची जात तोवर उपाशी मरते.

खुंटासाठी आपल्याकडे रोझा इंडिका ओडोराटा, रोझा मल्टिफ्लोरा आणि एडवर्ड हे वापरले जातात. पहिल्याला फिकट गुलाबी, एडवर्डला गुलाबी सुवासिक आणि मल्टिफ्लोराला मोठ्या झुपक्यात बारीक पांढरी फुलं येतात. मल्टिफ्लोरा उपपर्णांच्या झालरदार कडांवरूनही लगेच ओळखू येतो.

म्हणून ओळख पटवायला बसण्याआधी माती थोडी बाजूला करून ती फांदी कुठून निघाली आहे ते पाहा. डोळ्याच्या गाठीच्या खालून निघाली असेल तर तुम्ही नाव शोधताय ते खुंटाचं. अशी फूट कापू नका, बुडापासून ओढून काढा. कापली तर तिथूनच चार येतात.

सात पानं म्हणजे जंगली आणि पाच पानं म्हणजे चांगला, खरं ना?

नाही. कित्येक उत्तम जातींना जोमदार फांदीवर सात पर्णिका येतात, आणि पाचच पर्णिका देणारे खुंटही असतात. या समजुतीपायी लोकांनी चांगल्या फांद्या उपटून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यातली एक तर नुकती कळी धरलेली होती. फांदी कुठून निघते हाच एक पुरावा.

एकाच झाडाच्या एकाच फांदीवर वेगळ्या रंगाचं फूल आलं. हे काय?

फांदी डोळ्याच्या वरूनच निघालेली असेल तर हे उत्परिवर्तन असू शकतं, गुलाबवाले याला स्पोर्ट म्हणतात. एका कोंबातल्या पेशींत बदल होतो आणि त्या फांदीपुरता गुलाब वेगळा होतो. 'पीस'मधून 'शिकागो पीस' असाच निघाला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मुद्दाम असे बदल घडवून काही जाती काढल्या. पट्ट्यापट्ट्यांची 'अभिसारिका' त्यांपैकी.

त्या फांदीवर खूण बांधा, पुढच्या दोन बहरांत तोच रंग टिकतो का पाहा, टिकला तर तिचे डोळे वेगळ्या खुंटांवर भरा. त्याला मूळ जातीचं नाव देता येणार नाही. आणि लगेच नवं नावही देऊ नका, कारण तोच स्पोर्ट आधी दुसऱ्या कुणाकडे निघून नोंदला गेलेला असू शकतो.

फुलबाजारातल्या लाल गुलाबाची जात कशी कळेल?

बाजारातला गुलाब कमी जातींचा असल्याने सोपा आहे. मावळात तळेगावच्या परिसरातल्या पॉलिहाउसमधून येणारा लांब दांड्याचा लाल गुलाब बहुतेकदा 'टॉप सीक्रेट' किंवा 'ताजमहाल'. उघड्या शेतातला लाल गुलाब वर्षानुवर्षं 'ग्लॅडिएटर'. पण त्या दांड्याची काडी घरी लावून झाड जगलं, तरी कुंडीत ते बाजारातल्यासारखं दिसणार नाही. पॉलिहाउसचं तापमान, खत आणि वाकवलेल्या फांद्या या सगळ्यांनी मिळून ते फूल घडलेलं असतं.

निळा, काळा, हिरवा गुलाब खरंच असतो का?

हिरवा खरा आहे. रोझा चायनेन्सिसचा 'विरिडिफ्लोरा' हा जुना प्रकार, त्यात पाकळ्यांच्या जागी हिरवी निदलंच येतात. दिसायला फारसा देखणा नाही, पण मला तो फार प्रिय आहे.

काळा म्हणतात तो गडद लाल. कळीत काळपट, उमलल्यावर लाल.

निळा म्हणून मिळतात ते फिकट जांभळे: 'ब्लू मून', 'शार्ल द गॉल', आणि कडेला लाली असलेला 'पॅराडाइझ'. गुलाबात निळ्या रंगाचं द्रव्य तयार करणारं जनुकच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून बनवलेला 'ॲप्लॉज' २००९मध्ये विक्रीला आला, तोसुद्धा जांभळटच आहे. आकाशी निळ्या गुलाबाच्या बिया विकणारे लोक खोटं बोलतात. बियांपासून तर कुठलीच बागेतली जात जशीच्या तशी येत नाही.

मोबाइलवरचं ॲप नाव सांगतं ते धरावं का?

हा गुलाब आहे, एवढ्यापुरतं धरा. जगात नोंदलेल्या गुलाबांच्या जाती तीस हजारांच्या पुढे आहेत आणि ॲपला दिसतं फक्त एक फूल, तेही एका उजेडात. सकाळी आणि संध्याकाळी त्याच फुलाचे दोन फोटो देऊन पाहा, दोन नावं येतील. ते नाव उत्तर म्हणून लिहू नका, तपासायची एक शक्यता म्हणून घ्या.

डीएनए तपासणी?

घरच्या बागेसाठी तिचा उपयोग नाही. तुलनेला खात्रीचा नमुना लागतो आणि तोच तर नसतो. शिवाय स्पोर्ट आणि त्याची मूळ जात नेहमीच्या चाचणीत सहसा सारखीच दिसतात.

भारतात तयार झालेल्या जाती ओळखायला कुठून सुरुवात करावी?

डॉ. बी. पी. पाल यांच्यापासून. गव्हावरच्या संशोधनासाठी ते देशाला माहीत आहेत, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक. पण त्यांनी गुलाबाच्याही शंभराच्या आसपास जाती निर्माण केल्या: 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', सुवासिक 'रोझ शरबत', पांढरा 'डॉ. होमी भाभा'. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'मोहिनी' पाहिली नसेल तर नक्की पाहा. चॉकलेटी झाक असलेला तो फ्लोरिबंडा रंगावरूनच ओळखता येतो, असे गुलाब फार थोडे. कोडाईकनालला एम. एस. विराराघवन आणि गिरिजा विराराघवन यांनी भारतातल्या रानगुलाबांपासून उष्ण हवेला मानवतील असे गुलाब घडवले, त्यातला एक पिवळा गुलाब वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांच्या नावाचा आहे.

या जातींची अडचण अशी की परदेशी पुस्तकांत त्यांचे फोटो क्वचित असतात, त्यामुळे घरी उभी असलेली भारतीय जात लोक कुठल्या तरी परदेशी नावात बसवतात. जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनला किंवा तुमच्या गावाजवळच्या गुलाब प्रदर्शनाला जा. तिथे नाव लिहिलेली फुलं रांगेत असतात आणि ती वाढवणारी माणसं शेजारी उभी असतात. तुमची लिहिलेली नोंद सोबत घ्या. शक्य असेल तर कळी, पूर्ण फूल आणि पानांसह एक फांदी ओल्या कागदात गुंडाळून न्या.

सगळं करून नाव सापडलंच नाही तर?

तर 'नाव अज्ञात' लिहा, आणि मी हे पूर्ण समाधानाने सांगते. चुकीचं नाव त्याहून वाईट. अज्ञात म्हटलेल्या झाडाचा शोध चालू राहतो, चुकीचं नाव मिळालं की शोध थांबतो. पुढे तुमच्याकडून डोळे नेणारे चार जण ती चूक चार गावांत पोचवतात.

पण झाडाला हाक मारायला काहीतरी लागतंच. बर्म्युडा बेटावर जुने, नाव हरवलेले गुलाब पुष्कळ आहेत. तिथल्या गुलाबप्रेमींनी त्यांना ओढूनताणून युरोपातली नावं चिकटवली नाहीत. जिथे झाड सापडलं त्या जागेचं नाव दिलं, जसं 'स्मिथ्स पॅरिश', आणि सगळ्यांना मिळून गूढ गुलाब म्हटलं. तसं आपणही करू शकतो. ठिकाण, रंग आणि साल घालून कामचलाऊ नाव द्या आणि ते दुहेरी अवतरणात लिहा, म्हणजे ते वाणाचं अधिकृत नाव नाही हे कळेल: "वाईचा वाडा, फिकट गुलाबी, २०१९". माझ्याकडे अशी पाच झाडं आहेत. त्यातल्या एकाचं खरं नाव नऊ वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्या कुणाच्या अंगणात तसंच झाड जुन्या लेबलासकट भेटलं म्हणून.

लेबल टिकत नाही. पावसात पुसून जातं. काय करावं?

मार्करची शाई एका पावसाळ्यात जाते, 'कायम टिकणारी' म्हटलेलीसुद्धा. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घ्या, बॉलपेनने दाबून लिहा. शाई उडाली तरी खोलगट रेघ राहते. प्लास्टिकच्या पट्टीवर लिहायचं असेल तर साधी पेन्सिल वापरा, ती शाईपेक्षा जास्त टिकते. तार फांदीला बांधायची तर सैल बांधा, नाहीतर फांदी जाड झाली की तार तिच्यात रुतते. छाटणीत कापली जाणार नाही अशी बुडाजवळची फांदी निवडा, किंवा पट्टी कुंडीलाच बांधा.

आणि एक वही ठेवा. कुंडीचा क्रमांक, नाव, ते नाव कोणी सांगितलं, कुठून आणि कोणत्या साली आणलं. 'कोणी सांगितलं' हा रकाना लोक गाळतात, आणि नावाबद्दल शंका येते तेव्हा नेमका तोच लागतो. ऑक्टोबरच्या छाटणीआधी वही घेऊन एक फेरी मारा आणि प्रत्येक पट्टी वहीशी जुळते का ते पाहा. कुंड्या हलवल्या जातात, मुलं खेळताना पट्ट्या काढून दुसरीकडे खोचतात, आणि छाटलेल्या झाडावर ओळखायला काही उरत नाही.